चष्मेवाल्यांचे मत फिरवण्याची मोहीम

सकलगुणमंडित, अखंडित-उत्साही, सामना सुटल्यावरही मैदान न सोडणारे जे रसिक वाचक, त्यांचे सेवेसी विनंती ऐसी जे: नाक्यावरील राजश्री चष्मेवाले यांचे मत फिरवावयास थोरथोर मुत्सद्दी कैसे झटले, किती मोर्चे बांधिले, किती सुरुंग फुसके गेले, आणि कन्येच्या शेवटच्या सामन्यात अखेर काय वर्तमान जाहले, हे साद्यंत लिहून काढावे अशी चहाच्या बाकावरील मंडळींची आज्ञा जाहली. त्यावरून ही हकीकत, डोळ्यांनी पाहिली ती डोळ्यांची, कानी आली ती कानाची, पदरचे मीठ बेताने घालून लिहिली आहे.

प्रथम खाशांचे वर्णन. चष्मेवाले अंगाने किरकोळ, मिशीने भरदार आणि मताने अफाट. दुकानात पुढे काचेचे कपाट, मागे अंधारी खोली, आणि त्या खोलीत अक्षरांचा तक्ता टांगिलेला. गिऱ्हाईक खुर्चीवर बसवावे, त्याची हनुवटी यंत्रावर टेकवावी, एक डोळा झाकावा, आणि त्याने वरची ओळ वाचिली की खाशांनी म्हणावे, "दिसलं ना? एवढं आपल्या बचावफळीला दिसत नाही." मग खालची ओळ येईतो आघाडीचे वाभाडे निघत आणि अगदी बारीक ओळ येईतो साऱ्या हंगामाचा निकाल लागे. गिऱ्हाइकाचे डोके यंत्रात अडकलेले, बिचारे पळते कोठे? नंबर मात्र अचूक निघे, म्हणून दुकान चालत होते.

शहरात फौजा दोन. एक पगारी संघ, म्हणजे पैसे घेऊन चेंडू लाथाडणारे कसलेले शिलेदार. दुसरा कॉलेजचा मुलींचा संघ. पैकी पगारी संघावर खाशांचा जीव, आणि त्या जिवाचा परिणाम ऐसा विपरीत की सांगता सोय नाही. नवा आघाडीवीर आला तेव्हा खाशांनी जाहीर केले की हा वाघ आहे, गोलांचा पाऊस पाडील; त्या वाघाने अवघ्या हंगामात एकच गोल केला आणि तोही स्वतःच्याच जाळ्यात. डाव्या बाजूच्या बचावपटूविषयी फर्मान निघाले की यास चालता येत नाही, यास घरी पाठवा; त्याच संध्याकाळी त्या गृहस्थाने अर्ध्या मैदानावरून चेंडू मारिला तो थेट आत. प्रशिक्षक बहुत वर्षे टिकेल म्हणाले आणि दुसरे दिवशी सकाळी प्रशिक्षकाची पेटी दाराबाहेर आली. उचलली जीभ लावली टाळ्याला, ऐसे मात्र कोणी म्हणू नये. खासे विचार करून, रात्रंदिवस आकडे घोकून, अंतःकरणपूर्वक मत देत, आणि अंतःकरणपूर्वक दिलेले ते मत हटकून उलटे पडे.

ही गोष्ट साऱ्या गल्लीस ठाऊक होती, एक खासे सोडून. सामन्याच्या सकाळी गल्लीतली निम्मी मंडळी चष्म्याची दांडी ढिली झाली या सबबीवर दुकानी हजर होत. खासे बारीक पेचकस घेऊन स्क्रू आवळीत आणि आवळता आवळता मत देत. मंडळी आभार मानून बाहेर पडत आणि उलट निकाल गृहीत धरून दिवसाची तजवीज करीत. खासे "आज जिंकलो" म्हणाले की न्हावी संध्याकाळचे दुकान लवकर बंद करी, कारण हरल्यावर लोक केस कापावयास येत नाहीत. खाशांचा समज ऐसा की आपल्या हातचा स्क्रू लोकांस आवडतो. त्या समजात ते सुखी होते.

कॉलेजकडे मात्र त्यांची नजर बहुत वर्षे वाकडी. मुलींचा संघ म्हणजे रिंगण धरून गप्पा आणि मध्ये सोबतीस एक चेंडू, ऐसे त्यांचे मत. त्या मताचे पुण्य थोर! मुलींचा संघ सालोसाल जिंकीत गेला, कपाटात चषक मावेनात, तेव्हा ग्रंथालयातले शब्दकोश हलवून जागा केली. मग घात जाहला. खाशांची एकुलती एक कन्या त्याच कॉलेजात दाखल होऊन संघाची गोलरक्षक जाहली, आणि आपला तो बाळ्या या न्यायाने खाशांचे मत एका रात्रीत फिरले. ऐसा संघ पृथ्वीवर नाही म्हणो लागले, आणि संघ हरो लागला. चेंडू खांबास लागून बाहेर जाई, कप्तानाच्या बुटाची नाडी नेमकी गोलाच्या तोंडाशी सुटे. तरीही रडतखडत संघ उपांत्य सामन्यास पोचला, आणि तो सामना मोठ्या फरकाने जिंकिला. त्या दिवशी खासे तापाने फणफणले होते, औषध घेऊन घोरत होते, आणि घोरणाऱ्यास मत नसते.

आता अंतिम सामना राहिला. कन्येचे कॉलेजचे शेवटचे वर्ष, पुढे नोकरी ठरलेली, म्हणजे हा तिचा शेवटचाच सामना, आणि चषकास तिचा हात एकदाही लागलेला नाही. ऐशा समयी संघाच्या वस्तादबाई वाचावयाचा चष्मा करावयास दुकानी आल्या. हनुवटी यंत्रावर टेकली, डोळा झाकिला, आणि खासे वदले, "मॅडम, फायनल आपलीच. लिहून घ्या. माझी मुलगी उभी असताना चेंडू आत जाईल? वारासुद्धा जाणार नाही." वस्तादबाईंनी गल्लीतली वदंता ऐकिली होती. हंगामातला एकेक पराभव त्यांच्या डोळ्यांपुढून गेला, उपांत्य सामन्याचा तापही आठवला, आणि पायाखालची वाळू सरकली. त्या उठल्या त्या चाचणीची लोखंडी चौकट नाकावर तशीच ठेवून रस्त्याने चालत्या झाल्या. लोक वळून पाहत होते, पण त्यांस त्याचे भान नव्हते.

मग खलबत भरले. जागा औषधवाल्यांच्या दुकानाची मागील बाजू, खोकल्याच्या बाटल्यांच्या खोक्यांवर आसने. हजर असामी तीन: वस्तादबाई; खुद्द औषधवाले, जे नात्याने खाशांचे मेहुणे; आणि मेहुण्यांची थोरली बहीण, म्हणजे खाशांच्या घरच्या बाईसाहेब. मसलतीस आरंभीच पेच पडला. खाशांच्या तोंडून "हरणार" वदवावे तर ते सोपे, परंतु पूर्वी एकदा गल्लीने पैजेवर त्यांस पगारी संघ हरणार ऐसे म्हणावयास लाविले होते, ते तोंडाने तसे म्हणाले, मनात जिंकणार हेच राहिले, आणि संघ चार गोलांनी बुडाला. सबब तोंड उपयोगी नाही, मनच फिरविले पाहिजे, ऐसा ठराव जाहला आणि मोहीम मुक्रर जाहली.

पहिला वेढा मेहुण्यांनी घातला. शत्रूकडील मुली किती उंच, किती तालीमबाज, त्यांची कप्तान भिंतीवर चेंडू मारते तर भिंतच माफी मागते, ऐसे नाना परीने वर्णन करून ते म्हणाले, "भाऊजी, खरं सांगा, आपला काय पाड लागणार?" खाशांनी सर्व ऐकून घेतले, मान डोलाविली, मिशी ओढिली आणि निकाल दिला की उंच माणसांस वाकावयास वेळ लागतो, त्यामुळे आपण जिंकलोच. मेहुणे दोन दिवस येत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी. उलट तिसऱ्या दिवशी मेहुण्यांचेच मत फिरून ते घरी जाऊन म्हणो लागले की उंचीचे खरेच अवघड असते.

दुसरी हिकमत वस्तादबाईंची. सरावाच्या मैदानावर खाशांस सन्मानाने पाचारण करावे आणि कन्येने त्यांच्या देखत येईल तो चेंडू सोडावा, म्हणजे बापाचा भ्रम फिटेल. खासे आले, कुंपणाशी उभे राहिले. कन्येने हुकुमाप्रमाणे पायांतून चेंडू सोडिले, डोक्यावरून सोडिले, एक तर माळ्याने बाजूस सारलेला चेंडू घरंगळत आला तोही अदबीने वाट देऊन आत जाऊ दिला. बाकीच्या मुलींस हसू आवरेना. खाशांचे डोळे मात्र भरून आले आणि ते वस्तादबाईंस म्हणाले, "पाहिलंत मॅडम? प्रत्येक चेंडूपासून बरोब्बर एक वीत लांब राहते. इतका अंदाज असल्याशिवाय कुणाला इतकं चुकता येतं का?" वस्तादबाई कपाळास हात लावून खाली बसल्या. मोर्चा उठला.

तिसरा बेत मेहुण्यांचा. सामन्याच्या दिवशी खाशांस तापाच्या वेळचेच औषध पाजावे आणि निजवावे. बाटली कपाटातून निघाली, चमचाही निघाला, परंतु बाईसाहेबांनी हुकूम फर्माविला, "माझ्या नवऱ्याला गुंगी देऊन माझ्या मुलीला चषक नको. बाटली ठेव." थोरली बहीण बोलली म्हणजे मेहुण्यांस अपील नव्हते. बाटली कपाटात गेली आणि हाही बेत फसला.

आता कन्येनेच सूत्रे हाती घेतली. या उलट्या मताच्या गोष्टीवर तिचा स्वतःचा विश्वास अर्धाच होता. पण अंतिम सामना तोंडावर आला म्हणजे अर्ध्याचा पाऊण व्हावयास वेळ लागत नाही. जेवणे आटोपली होती, खासे टेबल पुशीत होते, ती हातमोज्याची उसवलेली शिवण घालीत होती. ती म्हणाली, "बाबा, एक मागू? मनापासून म्हणा, आम्ही हरणार."

खाशांनी फडके खाली ठेविले. "तू माग ते देईन. पण मनात नाही ते आणू कुठून?"

"मग पगारी संघासारखं होणार आमचं!" कन्या रडकुंडीस आली आणि गल्लीस ठाऊक असलेले सारे भडाभडा बोलून गेली: सामन्याची सकाळ, उलटे निकाल, उपांत्य सामन्याचा ताप, अवघे काही. बोलून झाल्यावर तिचे तिलाच वाईट वाटले. खाशांनी बाईसाहेबांकडे पाहिले आणि विचारिले, "खरंच का गं? लोक स्क्रू आवळायला येत नाहीत?"

बाईसाहेब भांडी लावीत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एकेका माणसाचा स्क्रू दर रविवारी ढिला होत नसतो."

हा घाव मर्मी बसला. इतकी वर्षे ज्या संघावर जीव ओवाळिला त्यास आपणच बुडविले, आणि आता पोटच्या पोरीस बुडवितो, या विचाराने खाशांचे अवसान गळाले. मोठा मनुष्य बाका प्रसंग पडला असता स्वतःवरच चाल करितो, तैसे त्यांनी केले. दुसरे दिवशी दुकानाचे दार ओढून घेतले, अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर स्वतः बसले आणि तक्त्याकडे पाहत मनास समजावू लागले की मुलगी हरणार, मुलगी हरणार. मन काही केल्या वळेना. तिचे लहानपण आठवे, टेबलावरून पडणारी वाटी तिने हवेत झेलली होती ते आठवे, आणि मन म्हणे, ही हरेल? छे! अखेर खासे बाहेर आले ते पार थकून, आणि घरी जाऊन त्यांनी जाहीर केले की आपण सामन्यास येत नाही, मत घेऊन कोठेतरी लांब फिरावयास जातो.

ते ऐकून कन्या भडकली. "तुम्ही नसाल तर मी खेळू कुणासाठी? या. फक्त बोलू नका."

त्यावरून तह जाहला. कलमे ऐसी की खाशांनी मैदानी हजर राहावे. मत तोंडावाटे काढू नये. मनात उठो लागल्यास तक्त्यावरील अक्षरे वरपासून खालपर्यंत घोकावी. एका बाजूस बाईसाहेब आणि दुसऱ्या बाजूस मेहुणे यांची पहाऱ्यावर नेमणूक जाहली. खाशांनी तह बिनशर्त मान्य केला.

मग तो दिवस उगवला. मैदानाच्या एका अंगास पाण्याची उंच टाकी, दुसऱ्या अंगास गुणांचा फलक, मध्ये तुडुंब लोक. निम्मी गल्ली दुकाने बंद करून आली होती आणि आज चष्मेवाल्यांचे मत काय याची हळू आवाजात चौकशी करीत होती. मेहुणे सर्वांस हातानेच परतवीत होते. शिट्टी वाजली आणि रणकंदन मांडले. शत्रूच्या उंच मुली लाटेमागून लाट ऐशा चालून येत, आणि कन्या कधी मुठीने, कधी पायाने, एकदा तर चक्क कानशिलाने चेंडू परतवी. खासे डोळे विस्फारून, ओठ घट्ट मिटून अक्षरे घोकीत होते. दोन वेळा त्यांच्या तोंडून "आपण..." एवढे निसटले, दोन्ही वेळा बाईसाहेबांनी कोपर मारिले. पूर्ण वेळ सरला, जादा वेळ सरला, इकडे शून्य, तिकडे शून्य. मग पंचांनी पेनल्टीचा हुकूम दिला, आणि मैदानात ऐसी शांतता पसरली की टाकीची गळती ऐकू येऊ लागली.

एकेक करून वीरांगना पुढे आल्या. आपल्या चौघींनी गोल केले, एकीचा खांबास लागला. शत्रूच्या चौघींनीही केले. आता शत्रूचा शेवटचा चेंडू राहिला. तो आत गेला तर चषक त्यांचा, अडला तर पुढे झुंज चालू. तो मारावयास खुद्द त्यांची कप्तान पुढे आली. तिने चेंडू ठेविला, चार पावले मागे गेली. कन्या दोन खांबांमध्ये उभी होती, आणि प्रथमच तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. खाशांची अक्षरे विरून गेली. पोरीच्या चेहऱ्यावर भीती दिसली असता बापास वर्णमाला आठवत नाही.

तेव्हा न भूतो ऐसी गोष्ट घडली. कन्येने मान वळवून थेट बापाकडे पाहिले आणि साऱ्या मैदानास ऐकू जाईल ऐशा आवाजात विचारिले, "बाबा, कुठे मारणार ही?"

तह कन्येनेच मोडिला. वस्तादबाईंनी डोळे मिटले, मेहुण्यांनी "भाऊजी, नको!" म्हणून हात पुढे केला, पण बाईसाहेबांनी तो हात धरून खाली घेतला. खासे उभे राहिले. लबाडी त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांनी कप्तानाचे पाय निरखिले, खांदे निरखिले, सर्व आयुष्याचा अभ्यास पणास लाविला आणि पूर्ण अंतःकरणाने गर्जना केली, "टाकीकडे! शंभर टक्के टाकीकडे!"

ही गर्जना शत्रूच्या कप्तानानेही ऐकिली. ती परगावची, तिला खाशांची कीर्ती ठाऊक नव्हती. तिने मनात ताडिले की बापाने सांगितले म्हणजे मुलगी टाकीकडे झेपावणार, तर आपण फलकाकडे मारावा. आणि तिने फलकाकडे मारिला. कन्या तोवर फलकाकडेच झेपावली होती. क्षणाचाही विचार न करता, बापाच्या शब्दावर हवाला ठेवून, पूर्ण लांबीने ती आडवी झाली आणि बोटांच्या शेवटच्या पेराने चेंडू खांबाबाहेर गेला.

मग पुढील फेरीस आपल्या कप्तानाने गोल केला. शत्रूची पुढची मुलगी चेंडू मारावयास आली, कन्येने पुन्हा बापाकडे पाहिले, खाशांनी "फलकाकडे!" म्हणून खात्रीची आरोळी ठोकिली, कन्या टाकीकडे झेपावली, आणि चेंडू तिच्या छातीवर येऊन विसावला. फत्ते जाहली. टोप्या उडाल्या, न्हावी औषधवाल्यांच्या गळ्यात पडला, वस्तादबाई नव्या चष्म्यासकट रडू लागल्या, आणि मुलींनी कन्येस उचलून मैदानास फेरी घातली.

खासे मात्र बाकावर बसून होते. गर्दी ओसरल्यावर कन्या चिखलाने माखलेली, चषक काखेत मारून कुंपणाशी आली, तेव्हा खासे हिरमुसल्या आवाजात म्हणाले, "मी टाकीकडे म्हटलं, तू फलकाकडे गेलीस. मी फलकाकडे म्हटलं, तू टाकीकडे. ऐकलं नाहीस ना माझं?"

"ऐकलं म्हणून तर गेले."

"म्हणजे भरवसा नाही माझ्यावर."

कन्येने चषक कुंपणावरून त्यांच्या हाती दिला. "बाबा, एवढ्या मैदानात फक्त तुमच्यावरच होता."

त्यावर खाशांनी चष्मा काढिला, चषक छातीशी धरिला आणि भर मैदानात हमसून हमसून रडले. बाईसाहेबांनी त्यांस रडू दिले. मग स्वारी घराकडे निघाली, पुढे कन्या, मागे चषक घेतलेले खासे, आणि वाटेत भेटेल त्यास खासे सांगत गेले की हिने माझ्या सांगण्यावरून दोन चेंडू अडविले. त्यात खोटे काहीच नव्हते.

ऐसी ही मोहीम. मत फिरविण्यास जे जे निघाले ते सर्व हरले, मत जागच्या जागी राहिले, आणि मुलगी जिंकणार हे खाशांचे भाकीत जन्मात प्रथमच खरे ठरले, हे दफ्तरी दाखल असावे. फत्ते कन्येची, चषक कॉलेजचा, चूक चष्मेवाल्यांची, आणि ती चूक घरच्या सर्वांनी मोठ्या मानाने ठेवून घेतली. अधिक लिहिले असेल ते प्रेमापोटी, उणे असेल ते शाई संपली म्हणून. इति लेखनसीमा.